सुताराच्या हाती मशीन आले, पण कोणते?

बलुत्याचे दिवस गेले. गंगापूर तालुक्यातला सुतार आता औत-वखरापेक्षा कपाटे, दिवाणच जास्त करतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत त्याला अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने पहिले १ लाखापर्यंतचे कर्ज ठेवले आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीची. सरपंचांनी नुसते नाव तपासून भागायचे नाही. कर्जातून घेणार काय, हेही विचारावे.

कारण गावोगाव चालते काय? लोखंड घासायच्या ग्राइंडरला लाकडाचे दातेरी पाते लावायचे, वरचे झाकण काढायचे अन् प्लाय कापायचा. ते मशीन मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेते. पाते अडकले की झटका थेट हातावर, मांडीवर. चार पैसे वाचवून बोटे घालवायची, हा कुठला व्यवहार? आधी झाकणासह हातातली गोल करवत आणि ड्रिल घ्या. रंधा मशीन मागाहून. हातरंधा अजून मोडीत निघालेला नाही. घेताना रंगापेक्षा कार्बन ब्रश तालुक्याला मिळतो का, ते बघा. बारीक, लांब वायरीवर व्होल्टेज पडते, मोटार जळते. वायर जाडच हवी. मीटरपाशी ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवा. अन् फिरत्या पात्यापाशी सुती हातमोजे, गळ्यात उपरणे अजिबात नको.