जाणणे आणि वागणे

आषाढी एकादशीच्या सुमारे आठवडाभर आधी ज्ञानेश्वर माउलींची पालखी सातारा जिल्ह्याची हद्द ओलांडून धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. या जिल्ह्यातील तिचा पहिला मुक्काम माळशिरस तालुक्यातील नातेपुते येथे असतो. तळावर समाजआरतीसाठी दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. टाळांचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतात आणि क्षणार्धात सारे शांत होते. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार तिकडे जातात, तक्रार ऐकून घेतली जाते, तिचा निवाडा होतो. वाटेत हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. कोणाचे पाकीट, कोणाचे घड्याळ, कोणाची पिशवी. मग आरती होते आणि माणसे राहुट्यांकडे परततात.

एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी या सोहळ्याला आजचे रूप दिले. ते शिंदे सरकारच्या पदरी होते. सोहळ्याच्या शिस्तीत लष्करी वळण दिसते ते त्यामुळेच, असे मानले जाते. परंतु सापडलेले पाकीट परत आणून देणाऱ्या वारकऱ्यावर कोणत्याही शिस्तीचा पहारा नसतो. रस्त्यावरच्या त्या गर्दीत पाकीट कोणी उचलले, हे कोणालाच कळणार नसते. (वारीत पाकीटमारही असतात, हे पोलिसांना ठाऊक आहे आणि वारकऱ्यांनाही.) नीतिशास्त्राचा एकही ग्रंथ न वाचलेला हा माणूस पाकीट परत करतो, आणि नीतीवर व्याख्यान देऊ शकणारा सुविद्य गृहस्थ मुलाच्या प्रवेशासाठी खोटा दाखला मिळवितो. असे का व्हावे?

चांगले काय हे ज्याला खरोखर कळले तो वाईट वागणारच नाही, असे सॉक्रेटिसचे मत होते. आपल्याकडे त्याचे उत्तर परंपरेने दुर्योधनाच्या तोंडी घातले आहे. धर्म आपल्याला कळतो, पण पाऊल तिकडे वळत नाही. अधर्मही कळतो, पण त्यातून पाय निघत नाही, अशा आशयाची त्याची कबुली प्रसिद्ध आहे. अर्जुनालाही हाच प्रश्न पडला होता. इच्छा नसताना, जणू कोणी बळेच ढकलल्याप्रमाणे, माणूस पाप का करतो, असे त्याने गीतेच्या तिसऱ्या अध्यायात विचारले. काम आणि क्रोध ही भगवंतांनी दिलेली उत्तरे सर्वांना पाठ आहेत. पाठ असूनही ती उपयोगी पडत नाहीत, हीच तर अडचण आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ मध्ये झाला. हुंडा वाईट असतो हे माहीत नाही, असा एकही वरपिता तेव्हापासून महाराष्ट्रात सापडलेला नाही. तरी देणेघेणे चालूच आहे. फक्त त्याला आता ‘मुलीच्या हौसेचे’ म्हणतात.

महाराष्ट्रातील शाळांत मूल्यशिक्षण आले, तेव्हा श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, संवेदनशीलता अशी दहा मूल्ये ठरली आणि ती परिपाठाच्या वेळापत्रकात बसविण्यात आली. हेतू उत्तम होता. पण विषय म्हणून शिकविलेली गोष्ट मुले विषय म्हणूनच शिकतात. श्रमप्रतिष्ठेवर दहा ओळी लिहून गुण मिळविणाऱ्या मुलाला वर्ग झाडण्याचा कंटाळा असतो, आणि त्याने वर्ग झाडला तर तक्रार घेऊन येणारे पालकही असतात. यात मुलाचा दोष थोडा आहे. नीती ही माहिती आहे, अशी त्याची समजूत मोठ्यांनीच करून दिली आहे.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञान म्हणजे काय हे सांगताना भगवंत एकही सिद्धांत सांगत नाहीत. ते गुणांची यादी देतात. मानाची हाव नसणे, दंभ नसणे, अहिंसा, क्षमा, सरळपणा अशा वीसेक गुणांनाच ते ज्ञान म्हणतात. ज्ञानदेवांना हे स्थळ इतके महत्त्वाचे वाटले की, या अध्यायावर त्यांनी अकराशेहून अधिक ओव्या रचल्या आणि त्यांतील मोठा भाग एकेका गुणाच्या वर्णनाला दिला. अहिंसा कळलेला माणूस जमिनीवर पाऊल कसे टाकतो, कसा बोलतो, कसा पाहतो, हे ते सांगतात. ज्ञान आधी आणि आचरण नंतर, असा क्रमच तेथे नाही. अंगी मुरलेला गुण हेच ज्ञान. गवंडी बांधकाम करूनच गवंडी होतो, तसा माणूस न्यायाने वागूनच न्यायी होतो, असे ॲरिस्टॉटलनेही म्हटले आहे. पाकीट परत करणारा वारकरी या अर्थाने ज्ञानी आहे. वर्षानुवर्षे दिंडीत चालताना, विणेकऱ्याचे ऐकताना, चुकल्यावर चारचौघांत बोलणी खाताना त्याच्या हातालाच ते कळू लागलेले असते.

मग प्रश्न सुटला का? नातेपुत्याहून निघालेली पालखी माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करीत पंढरीस पोहोचते. तेथे महाद्वारी नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. चोखोबांचे अभंग दिंड्यादिंड्यांतून शतकानुशतके गाइले गेले. ते गाणारे वारकरी समाधीला हात जोडून आत गेले आणि चोखोबांच्या जातीची माणसे शतकानुशतके बाहेर उभी राहिली. दार अडविणारे अडाणी नव्हते. शास्त्र त्यांना मुखोद्गत होते. आत जाणारे दुष्ट नव्हते. वाटेत सापडलेले पाकीट त्यांनीही परत केले असते. इरावती कर्वे आळंदीच्या पालखीबरोबर चालल्या, तेव्हा एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठे यांच्या पंगती वेगळ्या बसतात, हे त्यांना दिसले. त्यांच्या वारीवरील प्रसिद्ध लेखात ती खंत नोंदलेली आहे. दिवसभर एका सुरात ज्ञानोबा-तुकाराम म्हणणारी माणसे संध्याकाळी दोन चुलींकडे वळत होती आणि त्यांना त्यात काही खटकत नव्हते.

अंगवळणी पडलेला आचार माणसाला चांगला करतो. तोच आचार त्याचे डोळेही मिटवितो. सवय सत्कर्माची असो वा अन्यायाची, ती सारखीच सहज असते. म्हणून आचाराकडे वळून पाहणारे ज्ञान लागते, आणि ते पोथीतील असून भागत नाही. साने गुरुजींनी पंढरपुरात १ मे १९४७ रोजी उपोषण आरंभिले, त्यापूर्वी काही महिने ते महाराष्ट्रभर हिंडत होते. त्यांनी नवे तत्त्वज्ञान सांगितले नाही. सांगण्यासारखे होते ते संतांनी आधीच सांगून ठेवले होते आणि प्रत्येक श्रोत्याला ते पाठ होते. गुरुजींनी एवढेच केले की, जे लोक म्हणत होते आणि जे करीत होते ते त्यांच्यासमोर शेजारी-शेजारी ठेवले, आणि त्यासाठी स्वतःचे प्राण पणाला लावले. दहाव्या दिवशी, १० मे रोजी, मंदिर खुले होण्याचा निर्णय झाला आणि उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही आला. उपोषणाला विरोध करणाऱ्यांतही ज्ञानेश्वरीचे निष्ठावंत वाचक होते, हे विसरता येत नाही. हिंदू समाजाने ही गोष्ट लाजेने आठवावी आणि अभिमानानेही. ज्या परंपरेच्या नावाने दार बंद होते, तिच्यातच ते उघडण्याची शिकवण होती. पण ती तेथे आहे म्हणून दार आपोआप उघडले नाही.

आज देवळाची दारे उघडी आहेत. परंतु पुण्या-सोलापुरातील कितीतरी सुसंस्कृत घरांत, जेथे रोज हरिपाठ होतो, भांडी घासणाऱ्या बाईंचा चहाचा कप अजून वेगळा असतो. तो मोरीजवळच्या फळीवर पालथा ठेवलेला असतो. घरात कोणी त्याविषयी बोलत नाही; बोलावे असे त्यात काही आहे, हेच कोणाला जाणवत नाही. मग एखाद्या दिवशी पाच-सहा वर्षांचे मूल विचारते, “मावशींचा कप इथे का?” आणि उत्तर येते, “तशी पद्धत आहे.” परिपाठातील दहा मूल्ये त्या मुलाला पुढे शाळेत शिकविली जातील आणि ती तो बिनचूक लिहीलही. कपाचे मात्र त्याला त्या दिवशीच कळलेले असते. त्या प्रश्नावर आईने काही न बोलता तो कप उचलून इतर कपांच्या रांगेत ठेवला, तर तेही त्याला त्याच दिवशी कळते.