काळ्या सोमवारनंतर

जानेवारी आला की अमेरिकन फुटबॉलमध्ये 'ब्लॅक मंडे' येतो. एनएफएल या तिथल्या लीगचे साखळी सामने संपतात आणि दुसऱ्याच दिवशी हरलेल्या संघांचे मालक मुख्य प्रशिक्षकांच्या हातात नारळ देतात. रिकाम्या जागा भरताना मग दरवर्षीचा वाद सुरू होतो: एकदा अपयशी ठरलेल्या माणसाकडे पुन्हा संघ सोपवावा का? आमच्या मते जरूर सोपवावा. पण ही संधी आज ज्या रीतीने वाटली जाते, ती रीत न्याय्य नाही.

या वादात पहिले नाव निघते बिल बेलिचिक यांचे. क्लीव्हलँड ब्राउन्समध्ये पाच हंगामांत ३६ विजय, ४४ पराभव आणि १९९६ च्या फेब्रुवारीत हकालपट्टी. पण शेवटच्या हंगामाच्या मध्यावरच मालक आर्ट मॉडेल यांनी संघ बाल्टिमोरला नेत असल्याचे जाहीर केले होते. उरलेले सामने संतापलेल्या शहरात खेळावे लागले. त्या पराभवांत प्रशिक्षकाचा वाटा किती, मालकाचा किती? २००० साली न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्यांना घेतले आणि पहिल्या वर्षी १६ पैकी ११ सामने गमावले. दुसऱ्या वर्षी क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, ड्र्यू ब्लेडसो जखमी झाला, त्याच्या जागी टॉम ब्रेडी मैदानात उतरला आणि पुढे लीगचे विजेतेपद ठरवणारे सहा सुपर बोल जिंकले गेले. बेलिचिक यांची बुद्धी क्लीव्हलँडमध्येही तीच होती. ती फळाला यायला धीर धरणारा मालक लागला आणि दैवाची साथही लागली.

पेट्रियट्सने बेलिचिक यांना आणले ते पीट कॅरल यांना काढून. त्याआधी न्यूयॉर्क जेट्सनेही कॅरल यांना एकाच हंगामानंतर घरी पाठवले होते. त्याच कॅरल यांनी २०१४ मध्ये सिएटल सीहॉक्सला सुपर बोल जिंकून दिला.

अँडी रीड यांची गोष्ट आम्हाला अधिक बोलकी वाटते. फिलाडेल्फिया ईगल्समध्ये १४ हंगाम काढल्यावर २०१२ मध्ये ४ विजय, १२ पराभव अशी अवस्था झाली आणि त्यांना जावे लागले. काही दिवसांतच कॅन्सस सिटी चीफ्सने बोलावले. फिलाडेल्फियात खेळाडू निवडण्याचा अंतिम अधिकारही रीड यांच्याकडेच होता. नव्या संघात ती जबाबदारी जनरल मॅनेजर जॉन डॉर्सी यांनी घेतली आणि रीड प्रशिक्षणापुरते मोकळे झाले. आधीच्या वर्षी दोनच सामने जिंकलेल्या संघाने लगेच ११ जिंकले. पुढे तीन सुपर बोलही आले. आपले बळ कुठे आहे आणि कुठे नाही, हे उमगलेला माणूस नवख्यापेक्षा मोलाचा असतो.

आता स्टीव्ह विल्क्स यांच्याकडे पाहा. २०१८ मध्ये ॲरिझोना कार्डिनल्सने त्यांना नेमले, हाती पहिल्याच वर्षाचा क्वार्टरबॅक दिला आणि ३ विजय, १३ पराभवांनंतर त्याच हंगामाअखेर काढले. त्यांच्या जागी आले क्लिफ किंग्सबरी, ज्यांना टेक्सास टेक विद्यापीठाने नुकतेच काढून टाकले होते. २०२२ मध्ये कॅरोलायना पँथर्सने पाचपैकी चार सामने गमावल्यावर विल्क्स यांना हंगामी प्रशिक्षक केले. विस्कटलेल्या त्या संघाला त्यांनी सहा विजय मिळवून दिले. कायमची नेमणूक मात्र फ्रँक राईक यांची झाली, ज्यांना इंडियानापोलिस कोल्ट्सने त्याच हंगामात काढले होते. राईक यांचे अपयश पँथर्सने पोटात घातले, विल्क्स यांचे नाही. राईक यांनाही त्यांनी ११ सामन्यांनंतर काढले, हा भाग वेगळा.

विल्क्स कृष्णवर्णीय आहेत. ह्यूस्टन टेक्सन्सने २०२१ आणि २०२२ च्या एकेका हंगामानंतर निरोप दिलेले डेव्हिड कली आणि लव्ही स्मिथ हेही कृष्णवर्णीय. या लीगचे निम्म्याहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घेणे बंधनकारक करणारा 'रूनी नियम' २००३ पासून आहे. मुलाखत सक्तीने होते, विश्वास सक्तीने बसत नाही. एकाच हंगामात काढलेल्या प्रशिक्षकाला आम्ही अपयशी म्हणणार नाही, कारण त्याची पहिली संधीच पूर्ण झालेली नसते.

या महिन्यात नव्या मुलाखती घेणाऱ्या मालकांनी प्रत्येक बडतर्फ प्रशिक्षकाला एकच गोष्ट विचारावी: मागच्या संघात तुमच्या हाती काय होते, आणि त्यातले काय तुम्ही आता वेगळे कराल? उत्तर ऐकल्यावर त्यांनी किमान तीन हंगामांचा शब्द द्यावा आणि तो पाळावा. विल्क्स यांच्यासारख्यांना हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जावा.