विंडोज १० संपलं, आता टर्बो सी मधली होडी कुठे चालवायची?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला. बातम्यांमध्ये चर्चा होती जुन्या लॅपटॉपचं काय होणार याची. आमच्या रत्नागिरीच्या मित्रांच्या ग्रुपवर मात्र वेगळाच प्रश्न आला. एकाचा धाकटा भाऊ डिप्लोमाला आहे. लॅबमध्ये विंडोज ११ चे नवीन पीसी आलेत आणि टर्बो सी उघडतच नाही. ग्राफिक्सचं प्रॅक्टिकल करायचं कसं?

कारण सरळ आहे. टर्बो सी हा डॉसच्या जमान्यातला १६-बिट प्रोग्राम. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्राम चालत नाहीत. विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती तरी मिळायची, विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. म्हणजे आता डॉसबॉक्स टाकायचं. ते तुमच्या पीसीच्या आत जुन्या पीसीचं सोंग घेतं आणि त्यात टर्बो सी मजेत चालतं. 'ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड' अशी एरर आली तर बहुतेक वेळा इनिटग्राफला दिलेला बीजीआय फोल्डरचा पाथ चुकलेला असतो. झालं, प्रश्न सुटला.

पण खरंच सुटला का? मला नाही वाटत.

आम्हीही हेच प्रॅक्टिकल केलं होतं. ६४०×४८० ची स्क्रीन, १६ रंग आणि त्यात मिरकरवाड्याला दिसते तशी एक होडी. लूप लावायचा, स्क्रीन पुसायची, होडी पाच पिक्सेल पुढे काढायची, थोडं थांबायचं, परत पुसायची. होडी चालायची, पण लुकलुकत. जर्नलवर सही मिळाली, विषय संपला.

नोकरीला लागल्यावर विंडोजच्या खऱ्या विंडोत तसाच लूप लिहिला. विंडो पांढरी पडली आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग'. अर्धा दिवस मी कोडमध्ये चूक शोधत होतो. चूक कोडच्या एखाद्या ओळीत नव्हती, विचारात होती.

डॉसमध्ये सगळी स्क्रीन तुमच्या एकट्याची. एकदा रेघ मारली की ती तिथेच राहते. विंडोजमध्ये स्क्रीन सगळ्या प्रोग्रामची सामायिक. विंडो लहानमोठी केली की सिस्टिम तुमच्या प्रोग्रामला निरोप पाठवते, 'तुझा भाग पुन्हा रंगव'. या निरोपाचं नाव डब्ल्यूएम-पेंट. तुमचा प्रोग्राम लूपमध्ये झोपलेला असेल तर निरोप घेणार कोण? म्हणून रीत उलटी. होडी कुठे आहे तो आकडा जपून ठेवायचा, रंगवायचं काम एका वेगळ्या फंक्शनला द्यायचं आणि टायमरने आकडा बदलला की सिस्टिमला सांगायचं, 'चित्र जुनं झालं'.

तुमच्या फोनमध्येही हेच चालतं. अँड्रॉइडमध्ये त्या फंक्शनचं नाव ऑनड्रॉ, आणि 'जुनं झालं' सांगायला इनव्हॅलिडेट. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर प्रत्येक चित्राला साधारण १६ मिलिसेकंद मिळतात. काम तेवढ्यात उरकलं नाही की रील स्क्रोल करताना अडखळते.

लुकलुकण्याचा उपायही फार जुना आहे. पूर्ण चित्र आधी न दिसणाऱ्या मेमरीत काढायचं आणि मग एकदम दाखवायचं. गंमत म्हणजे टर्बो सी मध्ये त्यासाठी दोन पानांची सोय होती, पण ६४०×३५० च्या मोडला. ६४०×४८० ला एकच पान, आणि आम्ही सगळे तिथेच!

आणखी एक गोष्ट टर्बो सी शिकवूच शकत नाही. होडीवर 'रत्नागिरी' लिहून बघा. त आणि न जोडायला हवेत. 'गि' मध्ये आपण ग आधी टाइप करतो, पण स्क्रीनवर वेलांटी आधी काढावी लागते. ही जुळवाजुळव अँड्रॉइडमध्ये हार्फबझ नावाची लायब्ररी करते. आऊटटेक्स्टएक्सवाय हे फंक्शन त्यापुढे हात टेकतं.

म्हणून सगळं जुनं फेकून द्या असं नाही. ब्रेसनहॅमची रेघ काढायची पद्धत १९६५ साली प्रसिद्ध झाली आणि आजही वहीत हाताने सोडवावी अशीच आहे. बदलायची आहे ती फक्त खिडकी. माझं मत जावाच्या स्विंगला. पेंटकंपोनंट फंक्शनमध्ये रंगवायचं, सोबत टायमर, आणि लुकलुक थांबवायची सोय आधीच आहे. पायथनचं टिकिंटर याहून सोपं, फोनवरही पायड्रॉइड ३ मध्ये चालतं. पण त्याचा कॅनव्हास पुन्हा रंगवायचं काम परस्पर करून टाकतो, त्यामुळे मुख्य गोष्ट दिसतच नाही.

अडचण आहे ती परीक्षेची. पेपरात इनिटग्राफ विचारणार असतील तर मुलं तेच लिहिणार, त्यांना काय दोष द्यायचा? मित्राच्या भावाला मी दोन्ही करायला सांगितलं, जर्नलपुरतं डॉसबॉक्स आणि रविवारी तीच होडी स्विंगमध्ये. काल त्याने स्क्रीनशॉट पाठवला. होडी विंडोत आली आहे, पण उलटी. वाय वरून खाली वाढतो हे विसरला. माझीही पहिली अशीच उलटली होती.