प्रेमकथा दोघांची, परीक्षा अकरा जणांची

फुटबॉल टीममधल्या दोन पोरांचं एकमेकांवर प्रेम बसतं, अशा इंग्रजी कादंबऱ्यांची सध्या लाट आहे. मागे एका ग्रुपवर कोणीतरी अशाच एका पुस्तकाचं कव्हर टाकलं आणि खाली हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडला. 'आता एवढंच बघायचं राहिलं होतं', 'फुटबॉल हा मर्दांचा खेळ आहे भावा', वगैरे वगैरे. पुस्तक एकानंही वाचलेलं नव्हतं. मी या प्रकारातली चार-पाच वाचली आहेत, भाचीच्या किंडलवर. म्हणून थोडं लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

हा प्रकार आता कोपऱ्यातला राहिलेला नाही. रेचल रीड या कॅनडातल्या लेखिकेची 'हीटेड रायव्हलरी' ही आइस हॉकीवरची कादंबरी २०१९ ला आली आणि २०२५ मध्ये तिच्यावर मालिकासुद्धा निघाली. त्यात नायक एकमेकांविरुद्ध खेळतात. फुटबॉलच्या पुस्तकांत बहुतेक वेळा दोघं एकाच संघात असतात. साचा ठरलेला. एक गोल मारणारा, एक बचावातला. आधी पटत नाही. बाहेरगावच्या मॅचला दोघांना मिळून एकच खोली. मग प्रेम, लपवाछपवी, कुणाला तरी कुणकुण लागते, भांडण, आणि शेवट गोड. शेवट गोड होणार ही या पुस्तकांनी वाचकाला आधीच दिलेली हमी असते.

पण वाचताना एक गोष्ट लक्षात आली. वाचक ज्या पानाची वाट बघत असतो, ते पान चुंबनाचं नसतं. ते ड्रेसिंग रूमचं असतं. दोघांपैकी एकजण सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो, खोलीत शांतता पसरते, आणि मग कॅप्टन काय बोलतो? ते दोघं एकमेकांना मिळणार हे आपल्याला पहिल्या पानापासून माहीत असतं. बाकीचे नऊ जण काय करणार, हा खरा प्रश्न.

आता पुस्तक बाजूला ठेवा आणि खऱ्या मैदानाकडे बघा.

इंग्लंडमध्ये जस्टिन फॅशानू नावाचा खेळाडू होता. १९८१ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टनं त्याला दहा लाख पाउंडांना घेतलं. एवढी किंमत मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू. तो समलिंगी लोकांच्या क्लबांत जातो हे मॅनेजर ब्रायन क्लफच्या कानावर गेलं आणि तिथून त्याचं तिथलं करिअर उतरणीला लागलं. १९९० मध्ये त्यानं वर्तमानपत्रातून उघडपणे सांगितलं. सख्ख्या भावानं, तोही फुटबॉलपटूच, जाहीरपणे हात झटकले. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला आणि त्यानंतर काही आठवड्यांत त्यानं लंडनमध्ये आत्महत्या केली. वय ३७. कमेंटमध्ये कोणी आठवण करून देण्याआधी आरोपाचं मीच सांगून टाकतो. पण त्या आरोपाच्या कितीतरी वर्षं आधी फुटबॉलनं त्याला वाऱ्यावर सोडलं होतं, हेही तितकंच खरं.

त्यानंतर ब्रिटनमधल्या व्यावसायिक पुरुष फुटबॉलमध्ये खेळत असताना उघडपणे 'मी गे आहे' म्हणणारा दुसरा खेळाडू यायला २०२२ साल उजाडलं. ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स, वय १७. मध्ये ३२ वर्षं गेली. या ३२ वर्षांत हजारो खेळाडू होऊन गेले. त्यांत एकही नव्हता असं मानायला मी तयार नाही. होते, आणि गप्प होते. जर्मनीच्या थॉमस हिट्झल्सपर्गरनं सांगितलं ते २०१४ मध्ये, निवृत्त झाल्यावर.

का गप्प होते, हे समजायला प्रेमकथा पुरत नाही. त्यासाठी रॉस रेझिन या इंग्रज लेखकाची 'अ नॅचरल' ही २०१७ ची कादंबरी वाचावी. तिचा नायक एकोणीस वर्षांचा आहे. मोठ्या क्लबच्या अकादमीनं नको म्हटल्यावर तो एका छोट्या गावच्या क्लबात आलेला आहे. त्याचं नातं जुळतं ते मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाशी. इथं कॅप्टनचं भाषण वगैरे काही नाही. आहे ती भीती. करार पुढं वाढेल का, पुढच्या मॅचला नाव लागेल का, कुणी बघितलं तर काय. ही भीती नुसत्या लाजेची नाही, पोटापाण्याची आहे.

प्रेमकथांवर माझा आक्षेप इथंच आहे. त्यांतले नायक बहुधा स्टार असतात. ज्याच्यावाचून टीमचं चालत नाही, त्याला टीम स्वीकारते, यात विशेष ते काय? हंगामात वीस गोल मारणाऱ्याला सगळं माफ असतं. चौदाव्या नंबरच्या, बेंचवर बसणाऱ्या पोरानं सांगितलं तर? जेक डॅनियल्सचं मोल मला म्हणूनच जास्त वाटतं. तो स्टार नव्हता. पहिल्या संघाकडून नुकताच कुठं मैदानात उतरला होता. आणि गंमत बघा, घरी आई-बहिणीला सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यानं युवा संघाच्या मॅचमध्ये चार गोल मारले. डोक्यावरचं ओझं उतरलं की पाय कसे चालतात याचा याहून चांगला पुरावा कोणता कोच मागेल?

'ही पुस्तकं बायका लिहितात आणि बायकाच वाचतात, खऱ्या मुलांशी त्यांना काय देणंघेणं', असंही म्हणतात. निम्मं खरं आहे. काही पुस्तकांत ती दोन पोरं म्हणजे नुसता मसाला असतो. पण बायकांच्या फुटबॉलकडे बघितलं तर हीच गोष्ट तिथं केव्हाच घडून गेली आहे. डेन्मार्कची पर्निल हार्डर आणि स्वीडनची मॅग्दालेना एरिक्सन, एक पुढं खेळणारी, दुसरी बचावातली. स्वीडनच्या एका क्लबात एकत्र खेळल्या, मग चेल्सीत, मग बायर्न म्युनिकमध्ये. जोडपं म्हणून सगळ्या जगाला माहीत. संघ बुडाला नाही, चषकही आले. म्हणजे कादंबरीतला गोड शेवट अशक्य नाही. पुरुषांना तो अजून जमलेला नाही, एवढंच.

आणि याला फक्त खेळाडू जबाबदार नाहीत. ऑस्ट्रेलियात जॉश कॅव्हालोनं ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितलं. तीनच महिन्यांत मेलबर्नमधल्या मॅचला त्याच्यावर घाणेरडी शेरेबाजी झाली. कुठून? प्रेक्षकांतून.

आता आपल्याकडे या. आपण कोल्हापूरकर. आपल्याकडे टीम म्हणजे पेठ आणि पेठ म्हणजे घर. पोरगा खेळतो तेव्हा गॅलरीत त्याचा बाप असतो, काका असतो, शाळेचे सर असतात. पास चुकला की 'अरे बायल्या' अशी आरोळी येते आणि सगळे हसतात. कुणाच्या मनात काही वाईट नसतं, मान्य. पण त्याच टीममध्ये असा एखादा पोरगा असेल, तर दर रविवारी त्याला काय ऐकू येतं? चुकणं म्हणजे 'तसलं' असणं आणि 'तसलं' असणं म्हणजे चुकणं. तो कुणाला सांगणार? पेठ सोडून जाणार कुठं?

कायद्यानं आपलं काम काही अंशी केलं आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ३७७ कलमातून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. तो आता गुन्हा नाही. पण न्यायालय गॅलरीत येऊन बसत नाही. तिथं आपणच बसतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. पुस्तक आवडलं नाही तर वाचू नका, कुणाची सक्ती नाही. पण त्याच्या कव्हरवर हसण्याआधी विचार करा, आपल्या टीमचा एखादा पोरगा त्याच ग्रुपवर असेल आणि तुमची इमोजी मोजत बसला असेल. कोचमंडळींना एक विनंती: ती एक शिवी सरावात बंद करा. खर्च शून्य. आणि गॅलरीतल्या दोस्तांनो, शिव्या घालायच्याच तर पासला घाला. आपल्या भाषेत त्यासाठी शब्दांची टंचाई नाही.

पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा. फक्त भाषा सांभाळून. वाचणाऱ्यांत तोही असू शकतो.