वहींत न लिहिलेला गडी

प्रतिवर्षीं शाळेच्या वार्षिक समारंभांत बक्षिसें वांटलीं जातात. बास्केटबॉलचें बक्षीस कोणास मिळतें, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. ज्यानें वर्षभरांत अधिकांत अधिक गुण केले, त्याचें नांव पुकारलें जातें, टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि त्याचे आईबाप कृतार्थ मुद्रेनें इकडेतिकडे पाहतात. त्या मुलाचा गौरव व्हावा, यांत आम्हांस यत्किंचितही विषाद नाहीं. परंतु त्याच संघांत आणखी एक मुलगा असतो. प्रतिपक्षाचा सर्वांत तरबेज गडी त्याच्या वांट्यास दिलेला असतो, आणि त्या गड्यास त्यानें सामनाभर सोयीच्या जागीं उभें राहूं दिलेलें नसतें. त्याचें नांव पुकारलें जात नाहीं. कारण सामन्याच्या वहींत त्याच्या कामासाठीं रकानाच नाहीं. ह्या मुलाविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विचार मनांत येण्यास एक निमित्त घडलें. गोंदियांतील एका महाविद्यालयाच्या संघाचा सराव आम्ही लागोपाठ तीन हिवाळे पाहत आलों. महाविद्यालयाचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. पहिल्या हिवाळ्यांत त्या तरुणांचा खेळ पाहून करमणूक होई, परंतु समाधान होत नसे. चेंडू हातीं आला कीं पांचही जण वाऱ्यासारखे सुटत. चेंडू गेला कीं तेच पांच जण कमरेवर हात ठेवून दम खात उभे राहत. प्रतिपक्षाकडे चेंडू असणें म्हणजे आपली विश्रांतीची वेळ, अशी त्यांची समजूत दिसली. एखादा उठलाच तर तो चेंडूमागें धांवे, त्याच्यामागें दुसरा धांवे, आणि मोकळा राहिलेला प्रतिपक्षाचा गडी बास्केटाखालीं निवांत उभा राहून गुण करी. सामन्यांसाठीं नागपूरपर्यंतचा सुमारें 130 किलोमीटरांचा प्रवास करावा, आणि पहिल्याच दिवशीं परतीची गाडी धरावी, असा त्यांचा क्रम होता.

दुसऱ्या हिवाळ्यांत आम्ही गेलों, तों वेगळेंच दृश्य दिसलें. क्रीडाशिक्षकांनीं चेंडू पेटींत ठेवून दिला होता. मुलें गुडघे वांकवून, हात पसरून, मुरमाच्या मैदानावर ह्या रेषेपासून त्या रेषेपर्यंत आडवीं सरकत होतीं. रस्त्यानें जाणारे हंसत होते. चेंडूवांचून बास्केटबॉल कोणीं पाहिला आहे? प्रत्यहीं पहिला अर्धा तास असाच जाई. तिसऱ्या हिवाळ्यांत तोच संघ सामने जिंकूं लागला, आणि जे हरला तेही थोडक्या गुणांनीं. आश्चर्याची गोष्ट ही कीं त्यांची नेमबाजी पूर्वीइतकीच बेताची राहिली होती. सुधारला होता तो केवळ बचाव.

बचाव म्हणजे नशीब नव्हे, कीं अंगचा जोरही नव्हे. ती एक शिकण्याजोगी विद्या आहे, आणि तिचे पाठ मोजकेच आहेत. कंबर खालीं असावी, टाचा हलक्या असाव्या, आणि सरकतांना एक पाय दुसऱ्यांत गुंतूं नये. आपण सदैव गडी आणि बास्केट यांच्या मध्यें असावें. डोळे चेंडूवर न ठेवितां गड्याच्या कमरेवर ठेवावे. कारण हात फसवितात, मान फसविते, डोळेही फसवितात, परंतु कंबर जिकडे वळते तिकडेच मनुष्य जातो. आपला भिडू चकला तर जवळच्यानें त्याच्या मदतीस जावें, आणि मदतीस गेलेल्याची जागा तिसऱ्यानें घ्यावी. तोंड मिटून खेळूं नये. ‘डावीकडून आला’, ‘मी आहें’ असें मोठ्यानें सांगत राहावें. आणि चेंडू बास्केटाकडे फेंकला गेला म्हणजे वर पाहत न राहतां, वळून आपल्या गड्यास पाठीशीं धरावें, म्हणजे हुकलेला चेंडू आपल्या हातीं येतो. ह्यांतील एकाही गोष्टीस असामान्य बुद्धि लागत नाहीं. लागते ती केवळ शेवटच्या क्षणापर्यंत न कंटाळण्याची तयारी.

ह्याचा लाभ किती, तें गणितानेंच पाहावें. समजा, प्रतिपक्षानें एका सामन्यांत 60 वेळां बास्केटाकडे चेंडू फेंकला, आणि दर दहांत चार वेळां नेम साधला, तर 24 बास्केट होऊन त्याचे 48 गुण होतात. आतां तेच 60 प्रयत्न त्यास घाईनें, अवघडलेल्या स्थितींत आणि दुरून करावे लागले, आणि दहांत तीनच साधले, तर 18 बास्केट आणि 36 गुण. आपण एकही चेंडू अधिक न टाकितां 12 गुणांची प्राप्ति झाली! पण हे 12 गुण वहींत कोणाच्याही नांवावर चढत नाहींत. 2017 सालीं बेंगळूर येथें भारतीय महिलांच्या संघानें आशिया चषकाच्या ‘ब’ विभागाचा अंतिम सामना कझाकस्तानाविरुद्ध 75–73 असा जिंकिला. त्या संघांत आमच्या पुण्याची शिरीन लिमये होती. अंतर दोनच गुणांचें, म्हणजे एका बास्केटाचें. त्या सामन्यांत जीं बास्केट झालीं तीं लोकांच्या स्मरणांत राहिलीं. जीं होऊं दिलीं नाहींत तीं मात्र कोणीं मोजलीं?

कित्येकांस वाटतें कीं बचाव म्हणजे ढकलाढकली. हा मोठा गैरसमज आहे. डॉ. जेम्स नेस्मिथ यांनीं 1891 च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें पीच फळांच्या दोन टोपल्या टांगून हा खेळ आरंभिला, तेव्हां त्यांनीं तेरा नियम लिहिले. खांद्यानें रेटणें, धरणें, ढकलणें, मारणें, पाय अडकविणें हें सर्व त्यांत प्रथमपासूनच वर्ज्य होतें. आजच्या नियमांप्रमाणेंही पांच अपराध भरले कीं खेळाडूस मैदान सोडावें लागतें. तेव्हां अडवावयाचें, परंतु हात लावावयाचा नाहीं. वाट बंद करावयाची, परंतु दांडगाई करावयाची नाहीं. ज्याचे पाय वेळेवर पोंचतात, त्यास हात उगारावा लागत नाहीं. उशीरा पोंचलेलाच धक्का देतो. हें मैदानाबाहेरही कितीदां खरें ठरतें!

आणि हें शास्त्र आम्हांस परकें तरी कोठें आहे? आमच्या वाडवडिलांच्या आट्यापाट्या म्हणजे अर्धा खेळ बचावाचाच. पाटी धरणारा गडी पाटी सोडून जाऊं शकत नाहीं. तिच्या लांबींतच सरकून त्यास पुढच्याची वाट रोंखावी लागते, आणि मधल्या उभ्या पाटींतून धांवणारा सूर त्याच्या मदतीस येऊन कोंडी करितो. बास्केटबॉलचा शिक्षक जें आज शिकवितो, तेंच हें. हुतुतूंत साखळी करून गड्यास घेरणारे भिडू एकमेकांचा हात सोडीत नाहींत, तेंही हेंच. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें, ज्याची स्थापना 1914 सालीं झाली, 1936 सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं आपले देशी खेळ जगास दाखविले होते. विदर्भाच्या मातींत जें पिकतें, तें गोंदियाच्या मैदानावर उगवणार नाहीं, असें कोण म्हणेल?

आमचा जिल्हा तर तलावांचा आणि धानाचा. 1999 च्या मे महिन्याच्या पहिल्या दिवशीं तो भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झाला, परंतु तलाव आणि बांध्या जुन्याच आहेत. रोवणीच्या दिवसांत ज्या मुलांनीं बापाबरोबर बांधींत पाय ठेविला असेल, त्यांस सांगावयास नको कीं पाणी येतें आकाशांतून, पण राहतें धुऱ्यामुळें. खेंकड्यानें केलेलें एक बीळ वेळींच बुजविलें नाहीं, तर सकाळीं बांधी कोरडी. धानाची रास खळ्यावर पडली म्हणजे लोक राशीची वाहवा करितात. धुऱ्याची वाहवा करितांना आम्हीं कोणास ऐकिलें नाहीं. परंतु शेतकरी मात्र रात्रीं कंदील घेऊन धुराच पाहावयास जातो.

येथें एक परदेशची खरी हकीकत सांगण्याजोगी आहे. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को नगरांत जेझुइट पाद्र्यांनीं स्थापिलेलें एक विद्यापीठ आहे. 1950 नंतरच्या कांहीं वर्षांत त्याच्या संघास स्वतःचें क्रीडागृह नव्हतें; शेजारच्या एका हायस्कुलाच्या क्रीडागृहांत ते सराव करीत. शिक्षक फिल वूलपर्ट यांचा सारा भर बचावावर होता. बिल रसेल आणि के. सी. जोन्स हे त्या संघांतील दोन गडी. रसेल हायस्कुलांत असतां कोणाच्या डोळ्यांत भरला नव्हता. परंतु ह्याच संघानें 1955 आणि 1956 अशीं लागोपाठ दोन वर्षें अमेरिकेंतील महाविद्यालयांचें अजिंक्यपद मिळविलें, आणि सलग 60 सामने जिंकले. रसेल उंच होता हें खरें. पण उंच मुलें इतर संघांतही होतीं. अडविलेला चेंडू प्रेक्षकांच्या टाळ्यांसाठीं मैदानाबाहेर भिरकावून न देतां, तो आपल्याच भिडूच्या हातीं पडेल असा हलकेच टोलविणें, ही त्याची खरी करामत.

पुढें धंदेवाईक खेळांत बोस्टनच्या संघाकडून 13 वर्षें खेळून त्यानें 11 अजिंक्यपदें मिळविलीं, आणि 1969 सालीं तो निवृत्त झाला. आतां गंमत पाहा. अडविलेल्या आणि हिसकावून घेतलेल्या चेंडूंची नोंद त्या स्पर्धेच्या अधिकृत वहींत होऊं लागली ती 1973–74 च्या हंगामापासून. म्हणजे बचावाचा एवढा मोठा खेळाडू आपलें सर्व काम करून घरीं गेला, आणि मग रकाना आंखला गेला! त्यानें एकंदर किती चेंडू अडविले, याचा अधिकृत हिशेब आज कोठेंही नाहीं.

परक्यांस हंसण्यापूर्वीं आम्हीं आपल्याकडे पाहावें हें बरें. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शाळेंतील एका विद्यार्थ्यानें प्रतिपक्षाच्या अत्यंत चपळ गड्यास सामनाभर जखडून ठेविलें आणि आपला संघ जिंकला. मैदानाच्या कडेला उभे असलेले त्याचे वडील त्याला म्हणाले, ‘बाळ, तूं किती गुण केलेस?’ मुलगा म्हणाला, ‘एकही नाहीं, बाबा.’ वडील म्हणाले, ‘मग एवढा वेळ केलेंस तरी काय?’ मुलगा कांहीं बोलला नाहीं. पुढच्या आठवड्यापासून तो मैदानावर येईनासा झाला. वडिलांचा त्यांत दोष नव्हता. त्यांनीं वही पाहिली होती, आणि वहींत त्यांच्या मुलाच्या नांवापुढें शून्य होतें. ती वही आम्हींच लिहिली होती. त्या गृहस्थांस हांक मारून दोन शब्द सांगणें आम्हांस शक्य होतें. पण जिंकल्याच्या आनंदांत तें राहून गेलें. हा लेख लिहिण्याचें खरें कारण तें आहे.

पालकांपैकीं कोणी म्हणतील, ‘परीक्षा तोंडावर असतां हें मैदानाचें पुराण कशाला?’ त्यांस आमचें उत्तर असें कीं आम्ही अधिक वेळ मागत नाहीं. जो वेळ मुलें खेळतच आहेत, तो नीट मोजला जावा एवढेंच मागतों. आणि आमच्यासारख्या शाळांस तर बचाव हाच सोईचा मार्ग आहे. पंधरा मुलांत एक चेंडू असला तर नेमबाजीचा सराव कितीसा होणार? पण पाय सरकविण्यास चेंडू लागत नाहीं, क्रीडागृह लागत नाहीं, महागडे बूटही लागत नाहींत. मुरमाचें मैदान आणि अर्धा तास पुरे. मुलींच्या संघासही हें सर्व अक्षरशः लागू आहे.

म्हणून आमच्या सूचना तीनच आहेत. पहिली, पुढील वर्षापासून शाळेच्या सामन्यांच्या वहींत आणखी चार रकाने आंखावे: अडविलेले चेंडू, हिसकावून घेतलेले चेंडू, हुकल्यावर हस्तगत केलेले चेंडू, आणि ज्या गड्याची राखण केली त्याचे गुण. रूळ आणि पेन्सील एवढाच खर्च. ही वही लिहिण्याचें काम संघांत जागा न मिळालेल्या मुलांकडे द्यावें. लिहितां लिहितां त्यांस खेळ कळेल. दुसरी, अधिक गुण करणाराच्या बक्षिसाशेजारीं तेवढ्याच किंमतीचें एक बक्षीस उत्तम बचावासाठीं ठेवावें. तिसरी सूचना पालकांस आहे, आणि ती फुकटची आहे. मुलगा किंवा मुलगी मैदानावरून घरीं आली म्हणजे ‘किती गुण केलेस?’ हा प्रश्न खुशाल विचारा. पण त्याच्यामागून ‘आज कोणाला अडविलेंस?’ हेंही विचारा.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यांपैकीं ज्यांस चेंडू टाकण्याची हातोटी साधली आहे त्यांचें आम्ही कौतुक करितों. परंतु ज्यांस ती साधली नाहीं त्यांनीं मैदान सोडूं नये. संघांत तुमची जागा आहे. आणि जो मुलगा आमच्या चुकीमुळें मैदान सोडून गेला, त्याच्या वाचनांत हा अंक आला तर त्यानें एवढें जाणावें कीं त्या दिवशींचा सामना त्यानेंच जिंकून दिला होता. आम्ही तो पाहिला होता. वहींत लिहिला नव्हता, तो येथें लिहीत आहों.