हाकेला धनी हवा

मे महिन्याचा शेवटचा आठवडा हा आपल्याकडे परतीचा आठवडा असतो. आजोळची सुट्टी संपत आलेली असते, एसटीतून आंब्यांच्या पेट्या आणि पेंगुळलेली मुले एकापाठोपाठ उतरत असतात, कल्याण-दादरच्या फलाटांवर ‘हात सोडू नकोस’ हे एकच वाक्य नाना आवाजांत कानी पडत असते. कोणाला नव्या पुस्तकांच्या वासाचे वेध, कोणाला मृगाचे. या भरल्या घरांच्या दिवसांतच २५ मे ही तारीख येते आणि बहुधा न बोलता निघून जाते. जगातल्या अनेक देशांत हा दिवस हरवलेल्या मुलांचा म्हणून पाळला जातो. आपल्या सणावारांच्या गर्दीत त्याच्यासाठी पाट मांडलेला नाही. तरीही ज्या घरातले मूल परतलेले नाही, त्या घराच्या वतीने आपण या दिवशी घटकाभर थांबायला हवे, आणि थांबलोच आहोत तर स्वतःला काही विचारायलाही हवे.

ही तारीख आली न्यूयॉर्कहून. १९७९ साली त्या दिवशी सहा वर्षांचा एक मुलगा पहिल्यांदाच एकटा शाळेच्या बसथांब्याकडे निघाला. अंतर दोन गल्ल्यांचे. तो शाळेत पोहोचलाच नाही. वडील छायाचित्रकार होते. त्यांनी हौसेने टिपलेली लेकाची छबी पुढे शहराच्या भिंतीभिंतींवर लागली. १९८३ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी २५ मे हा राष्ट्रीय दिवस जाहीर केला, आणि त्याच दशकात अमेरिकेतल्या घरांत न्याहारीच्या वेळी दुधाच्या खोक्यांवरून हरवलेली मुले पाहू लागली. आपल्याकडे हे काम मुंबई दूरदर्शनने केले. ‘आपण यांना पाहिलंत का?’ सुरू झाले की भरल्या खोलीतली बडबड आपसूक थांबे. एक स्थिर छायाचित्र, वय, उंची, अंगावरचे कपडे, आणि निवेदकाचा तो कसलाही चढउतार नसलेला आवाज. पाहणाऱ्याच्या पोटात कालवे, हे खरे. पण तो चेहरा आपल्यापर्यंत येईतो बराच काळ लोटलेला असे. दुधाचा खोका काय किंवा दूरदर्शनचा पडदा काय, दोन्ही कनवाळू होते आणि दोन्ही सावकाश होते.

मुलाला कोणी पळवून नेले असेल, तर ही सावकाशीच घात करते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या महाधिवक्ता कार्यालयाने केलेल्या अभ्यासात असे दिसले, की अपहरणानंतर ज्या मुलांचा खून झाला त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुले पहिल्या तीन तासांतच मारली गेली होती. तीन तास! ‘येईल हो, खेळत असेल कुठेतरी’ असे म्हणण्यात आणि मग एकेका नातेवाइकाला फोन लावण्यात आपल्याकडे तेवढे सहज जातात.

१९९६ च्या जानेवारीत टेक्सासमधल्या आर्लिंग्टन शहरात सायकल चालवणाऱ्या नऊ वर्षांच्या अँबरला एका माणसाने उचलून गाडीत घातले. शेजाऱ्याने ते पाहिले, पोलिसांना लगेच कळवलेही. तरी चार दिवसांनी सापडला तो तिचा मृतदेह. त्यानंतर त्याच भागातल्या एका बाईने रेडिओ केंद्राला साधा प्रश्न विचारला: वादळाची सूचना तुम्ही चालू कार्यक्रम थांबवून देता, मग मूल पळवल्याची का देत नाही? त्या प्रश्नातून डॅलस परिसरातली रेडिओ केंद्रे आणि पोलीस यांनी मिळून ‘अँबर अलर्ट’ उभा केला. २००३ मध्ये त्याला संघराज्याच्या कायद्याचे पाठबळ मिळाले, २०१३ पासून तो थेट मोबाइलवर वाजू लागला. योगायोग असा, की १९९६ सालीच मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अंगणात जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने १०९८ ही मुलांची हेल्पलाइन जन्मली. तिकडे राज्यसंस्था नागरिकांना हाक मारू लागली आणि इकडे फलाटावर झोपणारे पोर मोठ्यांना हाक मारू लागले. दोन्ही हाका आपल्याला लागतात. दुसरी आपण रुजवली, पहिलीची रीत मात्र अजून अंगवळणी पाडलेली नाही.

अँबर अलर्टमधले शहाणपण त्याच्या कर्कश आवाजात नाही, तो आवाज क्वचितच काढण्यात आहे. अपहरण झाल्याची पोलिसांना वाजवी खात्री हवी, मुलाच्या जिवाला धोका दिसायला हवा, मुलाचे वा नेणाऱ्याचे किंवा त्याच्या गाडीचे लोकांना ओळखता येईल इतके वर्णन हाती हवे, आणि मूल सतरा वर्षांचे किंवा त्याहून लहान हवे. रोजच लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्याकडे गाव फिरकत नाही. (आपल्या मोबाइलवर दिवसभरात किती सूचना येतात आणि त्यांतल्या किती आपण वाचतो, हे ज्याचे त्याने आठवावे.) अमेरिकेतही अँबर अलर्टच्या पुष्कळ हाका अनोळखी गुन्हेगाराविरुद्ध नसतात, ताब्याच्या भांडणातून मूल घेऊन निघालेल्या बापाच्या किंवा आईच्या मागावर असतात. पण हाक कोणाचीही असो, ती कोणी दिली, का दिली आणि मागे कधी घेतली, हे सांगायला एक कार्यालय बांधील असते.

बांधील कोणी नसले म्हणजे काय होते, ते सांगायला आपल्याला सातासमुद्रापार जावे लागत नाही. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले राईनपाडा, रविवारचा आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. कित्येक आठवडे व्हॉट्सअॅपवर फिरत असलेल्या अफवांनी ती मने आधीच पेटवून ठेवली होती. त्या काळात देशभर पसरलेल्या चित्रफितींपैकी एक तर मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली जनजागृतीची फीत होती. मोटारसायकलवरून मूल उचलले जाते आणि शेवटी परत आणून सोडले जाते, अशी ती. कोणीतरी शेवट कापला आणि उरलेले पुढे ढकलले. मुलांच्या काळजीपोटी घडलेली वस्तू पाहता पाहता माणसे मारण्याचे हत्यार झाली. पाठोपाठ भारतात एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठवता येऊ नये अशी मर्यादा आली. आकडा बदलला, पुढे ढकलणारे बोट आपलेच राहिले.

म्हणून आपल्या राज्याने अशा यंत्रणेला बिचकावे, असे मात्र नव्हे. उलट राईनपाड्यासारखी पोकळी निर्माण होते ती खात्रीची हाक नसते म्हणूनच. २०२३ मध्ये आपल्या खिशांतले मोबाइल अचानक एकदम किंचाळले आणि आपण दचकलो, ते आठवते ना? आपत्तीची सूचना एखाद्या परिसरातल्या सगळ्या मोबाइलवर एका झटक्यात पोहोचवण्याची ती चाचणी होती. तंत्र हाताशी आहे. त्याआधीची पायरी मात्र ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आहे. नोएडाजवळच्या निठारीत २००६ च्या अखेरीस नाल्यातून हाडे निघाली, तोवर तिथले गरीब आईबाप आपली लेकरे हरवल्याचे पोलिसांना सांगून थकले होते. पुढे बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी स्पष्ट केले, की हरवलेल्या प्रत्येक मुलाबाबत गुन्हा नोंदवायचा आणि ते अपहरण किंवा मानवी तस्करी आहे असे धरूनच तपास सुरू करायचा. चोवीस तास वाट बघा, हे उत्तर तेव्हापासून बेकायदा आहे. ते अजूनही ज्याला ऐकावे लागते, त्याच्यासोबत ठाण्यात जाऊन उभे राहणे हे शेजाऱ्याचे काम.

मात्र प्रत्येक हरवलेल्या मुलासाठी भोंगा वाजवून चालणार नाही. दहावीचा निकाल, मोबाइलवरून झालेले भांडण, सावत्रपणाचा जाच, लग्नाची घाई, नाहीतर नुसतीच मुंबई पाहायची ओढ, अशा कारणांनी कितीतरी मुले आपल्या पायांनी घर सोडतात. रेल्वे सुरक्षा दलाचे ‘नन्हे फरिश्ते’ किंवा पोलिसांचे ‘ऑपरेशन मुस्कान’ अशाच मुलांपर्यंत पोहोचते. त्यांच्यातल्या एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलीचे छायाचित्र गावभर फिरवले, तर ती परतेल तेव्हा तिच्या वाट्याला काय येईल? काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा मनाई करतो, ती उगाच नव्हे. आणि एक आपली खोड सांगायलाच हवी. ‘हरवले आहे’ हा निरोप आपण तत्परतेने धाडतो. ‘सापडले’ हा निरोप धाडायला कोणालाच सवड नसते. घरी आलेले, शाळेत जाऊ लागलेले मूल वर्षानुवर्षे कुठल्यातरी गटात हरवलेलेच राहते.

आता वारीचे दिवस येतील. वाळवंटात, दर्शनबारीत, ध्वनिक्षेपकावरून पोरांची नावे पुकारली जातील आणि बहुतेक पोरे तासाभरात कोणा अनोळखी माउलीच्या कडेवरून परत येतील. प्रयागच्या कुंभात ‘भूले-भटके’ शिबिर १९४६ पासून हेच करत आले आहे. २०२७ मध्ये गोदाकाठी सिंहस्थाची गर्दी लोटेल. पोलीस, महसूल, रेल्वे आणि मोबाइल कंपन्या यांनी एकत्र बसून, कोणत्या दर्जाचा अधिकारी ही हाक देईल, कोणत्या अटींवर, किती किलोमीटरांच्या परिघात, कोणत्या भाषांत, आणि मूल सापडल्यावर किती मिनिटांत ती मागे घेईल, हे कागदावर उतरवायला हाच अवधी आहे. पहिली चाचणी याच आषाढीला पंढरपुरात घेता येईल.