ग्राफ्टचा सांधा सैल झाला तर? : पुन्हा पोट न उघडताही उपचार

पोटातील महाधमनी फुगली, की त्या जागी डॅक्रॉनची कृत्रिम नळी, म्हणजे ग्राफ्ट शिवतात. ग्राफ्ट वर्षानुवर्षे टिकतो. पण मूळ धमनीशी असलेला त्याचा सांधा कालांतराने सैल होऊ शकतो. तिथून रक्त झिरपून फुगवटा तयार होतो. तो फुटला तर जिवावर बेतते.

पूर्वी यावर पुन्हा पोट उघडणे हाच उपाय होता. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर आतले अवयव एकमेकांना चिकटलेले असतात, रुग्णाचे वयही वाढलेले असते; त्यामुळे धोका मोठा. आता जांघेतील धमनीतून स्टेंट-ग्राफ्ट आत सरकवून सैल सांधा आतून झाकता येतो. डॉ. हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये ब्युनोस आयर्स येथे फुगलेल्या महाधमनीवर याच पद्धतीने उपचार केले होते.

मात्र, ग्राफ्टला जंतुसंसर्ग झाला असेल तर केवळ आतून झाकून भागत नाही. बहुतेकदा तो काढावाच लागतो.

खरी अडचण वेगळीच आहे. हा फुगवटा अनेकदा दुखत नाही, त्यामुळे तपासणीशिवाय कळत नाही. ‘टाके निघाले, आजार संपला’ हा समज म्हणूनच घातक. पुढची सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन कधी, हे रुग्णालयाने डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहावे आणि रुग्णानेही ते पाळावे. ग्राफ्ट असलेल्याला रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाल्यास थेट मोठे रुग्णालय गाठावे. छेद लहान झाला, तरी देखरेख आयुष्यभराचीच आहे.